बोटाखालचे यंत्र



वसंत व्याख्यानमाला ही आपल्या महाराष्ट्राची एक जुनी शाळाच आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात तिचा पाया घातला, आणि पुढे गावोगावच्या व्यासपीठांवरून विद्वान मंडळी लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत आली. मी काही विद्वान नव्हे. माझे शिक्षण कामगारांच्या सभांत, वाचनालयाच्या बाकावर आणि कायद्याची कलमे अडखळत वाचण्यात झाले. तेव्हा संकेतस्थळांची रचना, ती वापरणाऱ्याला येणारा अनुभव आणि समाजमाध्यमांचे पालटते वारे, हा विषय घेऊन मी आपल्यापुढे उभा राहावे याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु एक गोष्ट मला बरीच समजते. यंत्र कोणी बसवले, कसे बसवले आणि त्यामुळे माणसाच्या हातांना काय करणे भाग पडते, याचा विचार करण्यात माझे आयुष्य गेले आहे. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात एक यंत्र आहे. त्याचा विचारही त्याच रीतीने केला पाहिजे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

कारखान्यात नवा पट्टा बसला की त्याचा वेग मालक ठरवतो आणि कामगाराचे हात त्या वेगाने चालतात. कामगाराला कोणी हुकूम देत नाही, पट्टाच हुकूम देतो. मोबाईलच्या पडद्याचेही असेच आहे. कोणते बटण मोठे, कोणते बारीक. कोणते ठळक रंगाचे, कोणते फिकट. ‘होय’ कोठे आणि ‘नको’ कोठे, हे सारे कोणीतरी बसून ठरवलेले असते. आपले बोट आपल्या इच्छेने पडते असे आपणांस वाटते, आणि ते खोटेही नाही. तथापि ते जेथे पडते ती जागा दुसऱ्याने आखलेली असते. या आखणीलाच आजची मंडळी रचना म्हणतात.

ही विद्या परदेशातून आली आणि आपल्याला ती नवीन आहे, असे कोणी समजू नये. १९५१ च्या शिरगणतीत आपल्या देशात शंभरांत अठरा माणसेच साक्षर होती. त्याच सुमारास, १९५१-५२ साली, पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि सतरा कोटींहून अधिक मतदारांची नावे यादीत आली. ज्याला अक्षर येत नाही त्याने मत कसे द्यावे? सुकुमार सेन हे तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांच्या कारकिर्दीत तोडगा निघाला तो असा, की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि प्रत्येक पेटीवर चिन्ह वेगळे. मतदाराने चिन्ह पाहावे आणि कागद त्या पेटीत टाकावा. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात कामगारांनी अशा बारा लाखांहून अधिक पेट्या घडवल्या. अडाणी माणूस मताला पात्र नाही असे म्हणण्याऐवजी, त्याला वापरता येईल अशी पेटी करू, असे त्या लोकांनी म्हटले. उत्तम रचनेची याहून मोठी व्याख्या मला ठाऊक नाही.

आता आपल्या जिल्ह्यातील एका गावाकडे येऊ. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. १९७५ साली अण्णा हजारे फौजेतून निवृत्त होऊन गावी परतले. पुढच्या वर्षांत तेथे बांधबंदिस्ती झाली, पाणी अडले, श्रमदानाने कामे उभी राहिली. ती कहाणी आपण पुष्कळदा ऐकली आहे. मला आज निराळीच गोष्ट सांगावयाची आहे, ती २०११ सालची.

त्या वर्षी ५ एप्रिलला अण्णा दिल्लीत जंतर मंतरवर लोकपालासाठी उपोषणाला बसले. देशभर ज्यांना पाठिंबा द्यावयाचा होता त्यांनी मुंबईच्या एका क्रमांकावर ‘मिस्ड कॉल’ द्यावा, असे आवाहन निघाले. या युक्तीकडे आपण जरा कारागिराच्या डोळ्याने पाहू. मिस्ड कॉलला पैसा पडत नाही. त्याला इंग्रजी लागत नाही, मराठीही लागत नाही. महागडा फोन नको, इंटरनेट नको. आकडे दाबता आले की झाले. चिन्हाच्या पेटीतला जो विचार, तोच येथे पुन्हा दिसतो. शहरातला शिकलेला तरुण फेसबुकवर लिहीत होता, ट्विटरवर भांडत होता. परंतु रिक्षावाला, भाजीवाली, पहारेकरी यांना त्या गर्दीत जागा मिळाली ती मिस्ड कॉलमुळे. ऑगस्टमध्ये रामलीला मैदान भरले. २८ ऑगस्टला उपोषण सुटले तेव्हा सारा देश दूरदर्शन संचासमोर बसला होता.

त्याच मैदानावर, २३ मार्च २०१८ रोजी, तेच अण्णा पुन्हा उपोषणाला बसले. मागण्या लोकपालाच्या होत्या, शेतकऱ्यांच्या होत्या. पण २०११ ची गर्दी या वेळी आली नाही. दरम्यान फोन स्वस्त झाले होते, इंटरनेट खेड्यांत पोचले होते, समाजमाध्यमे दसपट फोफावली होती. साधने वाढली आणि मैदान मात्र ओस राहिले, हे कसे झाले? राजकारणाची कारणे पुष्कळ आहेत आणि ती आपण वर्तमानपत्रांत वाचली आहेत. पण संघटनेचे काम करणाऱ्याला आणखी एक कारण दिसते. मिस्ड कॉलने मोजणी होते, सभासद होत नाही. युनियनची वर्गणीची पावती फाडताना मी कामगाराच्या तोंडाकडे पाहतो, तो माझ्याकडे पाहतो. तो मला चार शिव्याही देतो आणि पुढच्या महिन्यात जाब विचारतो. या देवघेवीतून जे नाते तयार होते ते एका बोटाने होत नाही. बटण जितके सोपे, तितका माणूस लवकर येतो आणि तितकाच लवकर जातो. सोपेपणाचा हा गुणही आहे आणि ही मर्यादाही आहे.

यानंतरची पायरी अधिक गंभीर आहे. मिस्ड कॉलचे बटण लोकांच्या सोयीसाठी होते. पुढे जी बटणे आली त्यांचा हेतू दुसरा होता. फेसबुकने २००९ साली ‘लाइक’चे बटण आणले. त्याच्याही आधी, २००६ साली, आझा रास्किन नावाच्या अमेरिकन रचनाकाराने अशी युक्ती काढली, की पडद्यावरचे पान संपूच नये. बोट वर सरकवावे तसे खालून नवे येत राहावे. पुढे याच गृहस्थांनी आपल्या या शोधाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आपल्याकडे हरिनाम सप्ताह सात दिवस चालतो, पण त्यालाही काल्याचे कीर्तन असते. ज्ञानोबांनी एवढा मोठा ग्रंथ सांगितला आणि शेवटी पसायदान मागून थांबले. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. थांबण्याची जागा असली म्हणजे माणूस मान वर करतो, घरच्यांकडे पाहतो, विचार करतो. ती जागाच काढून टाकली तर?

ती का काढली, याचे उत्तर व्यापारात आहे. या कंपन्या आपल्याकडून पैसे घेत नाहीत. त्या जाहिरातदाराला आपले लक्ष विकतात. आपण जितका वेळ पडद्यापुढे, तितका त्यांचा माल अधिक. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्या एका दिवसासाठी माणसे वर्षानुवर्षे झगडली. आज पाळी संपवून आलेला कामगार बसमध्ये, जेवताना, अंथरुणावर पडूनही बोटाने पट्टा ओढीत असतो, आणि या कामाची मजुरी दुसरा कोणी घेऊन जातो. त्याला कोणी बोल लावावा म्हणून मी हे सांगत नाही. दमलेल्या माणसाला करमणूक हवीच. परंतु त्याच्या फुरसतीवर कोणाची नजर आहे हे त्याला कळावयास हवे.

वेळेचे नुकसान एकवेळ सोसता येईल. प्राणावर बेतते तेव्हा काय? १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तेथे भिक्षा मागण्यास आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा व्हॉट्सअॅपवरून त्या भागात पसरल्या होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारले. पोटासाठी गावोगाव फिरणारी, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारांत येऊन ओवी-भजन म्हणणारी ही माणसे. त्यांच्याकडे स्वतःची बाजू मांडण्यास एक बटणही नव्हते.

मारणारे हात माणसांचे होते. त्यांचा गुन्हा कोणत्याही बटणावर ढकलता येणार नाही, आणि तसे मी करणार नाही. परंतु अफवा पूर्वीही उठत असत. पूर्वी ती तोंडातून कानात जाताना कोणीतरी विचारी, ‘तुला कोणी सांगितले?’ अफवेला वाटेत दहा माणसे अडवीत. आता तिच्या शेजारीच ‘पुढे पाठवा’ असे बटण बसवलेले होते, आणि एका दाबासरशी ती शेकडो ठिकाणी जात होती. कोणाचा निरोप, कोठून आला, याचा मागमूस त्यावर नव्हता.

त्या जुलै महिन्यात सरकारने कंपनीला जाब विचारला, आणि मग काय झाले ते लक्षपूर्वक ऐका. पुढे आलेल्या निरोपावर तो पुढे आलेला आहे अशी खूण दिसू लागली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली गेली. चित्रे आणि चित्रफिती यांच्या शेजारचे झटपट पाठवण्याचे बटण काढून टाकले. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा साऱ्या जगाला लागू झाली, आणि कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे जगभर पुढे पाठवण्याचे प्रमाण सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटले. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम झाला. असे निरोप सत्तर टक्क्यांनी कमी झाले, हेही कंपनीनेच सांगितले. म्हणजे हे करता येत होते. एक बटण हलवले, एक आकडा बदलला, आणि कोट्यवधी लोकांच्या वागण्यात फरक पडला. ज्या कामाला एक आकडा पुरेसा होता, त्यासाठी आधी माणसे मरावी लागली.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २१ होते. यंत्राच्या फिरत्या भागांना भक्कम कुंपण घातले पाहिजे, असे ते सांगत असे. त्या कायद्याची जागा आता नव्या श्रमसंहितेने घेतली आहे, पण तत्त्व तेच आहे. कामगाराने सावध राहावे, एवढे सांगून मालकाची सुटका होत नाही. हात कापला गेला तर आधी विचारले जाते, की जाळी होती का? पडद्याच्या बाबतीत मात्र अजून सारा उपदेश वापरणाऱ्यालाच केला जातो. जाळी कोठे आहे, हा प्रश्न आपण विचारावयास शिकले पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूचा अनुभव सांगतो. समाजमाध्यमाचे बटण फार सोपे, आणि हक्काचा अर्ज फार अवघड, अशी उलटी स्थिती आज आहे. २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रम सुरू झाले आणि त्यावर तीस कोटींहून अधिक कामगारांची नोंद झाली. नोंद होणे ही मोठी गोष्ट आहे, ते मी नाकारीत नाही. पण नाक्यावर उभा राहणारा बिगारी हक्काच्या कोणत्याही कामासाठी संकेतस्थळावर गेला म्हणजे काय होते, ते आम्ही रोज पाहतो. ओटीपी येतो तो जुन्या, बंद पडलेल्या क्रमांकावर. अर्ज अर्धा भरला की मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. छायाचित्र ठरावीक वजनाहून मोठे म्हणून नाकारले जाते, आणि का नाकारले ते इंग्रजीत लिहून येते. विटा-सिमेंटने बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे ठसा उमटत नाही. मग तो झेरॉक्सच्या दुकानात जातो, पैसे मोजतो, आणि आपला आधार क्रमांक, बँकेचा क्रमांक सारे परक्याच्या हाती ठेवून येतो. दलाल हटवण्यासाठी काढलेल्या सोयीने नवा दलाल उभा केला.

येथेही आपल्याजवळ चांगला दाखला आहे, आणि त्याचे राळेगणसिद्धीशी नाते आहे. ज्या माहितीच्या अधिकारासाठी अण्णांनी महाराष्ट्रात उपोषणे केली, त्याचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. त्याचे कलम ६ वाचून पाहावे. अर्जदाराने माहिती कशासाठी हवी याचे कारण सांगण्याची गरज नाही. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगावे. अधिकाऱ्याने ते लिहून घेण्यास साह्य केले पाहिजे. पाहा, ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवले आहे! नागरिकाने यंत्राजोगे व्हावे असे हा कायदा म्हणत नाही. कार्यालयाने नागरिकाजोगे व्हावे, असे तो म्हणतो. प्रत्येक सरकारी संकेतस्थळावर हे कलम कोरून ठेवावे असे मला वाटते.

न्यायालयानेही आता हीच दिशा दाखवली आहे. बँकेच्या कामासाठी कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे यंत्र सांगते. ज्यांच्या चेहऱ्यावर आम्ल फेकले गेले, ज्यांना पापणी मिटताच येत नाही, त्यांनी काय करावे? अशा पीडितांच्या आणि अंध व्यक्तींच्या अर्जांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पडद्याची रचना हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहिला नाही. तो न्यायाचा प्रश्न झाला.

बाजारातील लबाडीलाही कायद्याने नाव मिळाले आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांचे तेरा प्रकार अधिसूचित केले. न मागितलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या टोपलीत गुपचूप टाकणे. ‘दोनच नग उरले’ अशी खोटी घाई करणे. ‘नको’ म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणे. वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अशक्य करून ठेवणे. बाजारात एखाद्या दुकानदाराने आपल्या पिशवीत न सांगता साबण घातला आणि बिलात लावला, तर आपण चारचौघांत त्याला विचारतो. पडद्यावर चारचौघे नसतात, हीच त्याची सोय आहे.

मग उपाय काय? राळेगणसिद्धीने ज्या बंद्या पाळल्या त्यांत कुऱ्हाडबंदी होती, चराईबंदी होती. गवत उगवावे म्हणून गुरे मोकाट सोडणे गावाने थांबवले. त्यात गुरांशी वैर नव्हते. कुरण वाचले तरच गुरे वाचणार होती. माणसाचे लक्ष हेही एक कुरण आहे. आज त्यात वाटेल त्याने गुरे घालावी अशी मोकळीक आहे. परंतु येथे एक इशाराही दिला पाहिजे. दारू सोडवण्यासाठी त्याच गावात माणसांना खांबाला बांधून मारण्यापर्यंत मजल गेली होती, आणि त्यावर टीकाही झाली. बंदी वरून लादली की ती जुलूम होते, आणि सरकारच्या हाती बंदीचे बटण गेले की ते विरोधकाच्या तोंडावरही दाबले जाते. म्हणून कुंपण सभेत ठरले पाहिजे, उघड ठरले पाहिजे, आणि चुकले तर हलवता आले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. हे वारे टिकत नाहीत. २००४ साली आलेले ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह एकोणसाठ अॅपवर बंदी घातली, आणि खेड्यापाड्यांतील कित्येक कलावंतांचा जमलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. २०२३ मध्ये ट्विटरचे नावही बदलले. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधले की असे होते. म्हणून मी माझ्या कार्यकर्त्यांना सांगतो, समाजमाध्यम अवश्य वापरा, पण सभासदांची वही आपल्या कपाटात ठेवा आणि महिन्याची सभा चुकवू नका.

युनियनच्या सवयीप्रमाणे मी मागण्या मांडूनच थांबतो. सरकारी संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी ते नाक्यावरच्या बिगाऱ्याकडून, अंगणवाडीच्या मदतनिसाकडून, म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून वापरून पाहावे. जोडा घालणाऱ्याच्या पायाचे माप घ्यावे. प्रत्येक यंत्रदाराशेजारी एक माणसाची खिडकी उघडी असावी आणि कागदावरचा अर्ज तेथे घेतला जावा. जेवढ्या दाबांत आत जाता येते तेवढ्याच दाबांत बाहेर पडता यावे. संपणारे पान आणि काळाच्या क्रमाने येणारा मजकूर हा पर्याय प्रत्येक माध्यमाने द्यावा. आणि रचना बदलताना तिच्यामुळे काय इजा होऊ शकते याचा हिशेब कंपनीने आधी जाहीर करावा, माणसे मेल्यानंतर नव्हे.

यांतील एकही मागणी अशक्य नाही. एक आकडा बदलल्याने काय होते ते आपण २०१८ नंतर पाहिले. गिरणीत जाळी बसली ती मालकाला दया आली म्हणून नव्हे. जाळी पाहिजे असे म्हणणारी माणसे एकत्र आली म्हणून. मोबाईल वापरणाऱ्यांची अशी संघटना अजून उभी राहावयाची आहे, आणि ती एका मिस्ड कॉलने उभी राहणार नाही. परंतु जेथे माणसे संध्याकाळी घर सोडून येतात, शेजारी-शेजारी बसतात आणि शेवटपर्यंत ऐकून घेतात, अशा या सभेसारख्या ठिकाणी तिची सुरुवात होऊ शकते. अध्यक्षमहाराज आता प्रश्नांना वेळ देणार आहेत. आपले प्रश्न जरूर विचारा. मला न पटणारे असले तर अधिकच बरे.